तापीकाठचा देवगंधर्व

कामरेज हे नाव आज उच्चारले की मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा चौक, तेथील मालमोटारींची अखंड वर्दळ आणि सुरतेच्या हिरेउद्योगाने आपल्याकडे ओढून घेतलेली नवी वस्ती एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. परंतु सुरतेहून पाच-सहा कोसांवर तापीच्या आश्रयाने वसलेले हे ठाणे सुरतेहूनही पुष्कळ जुने असून, चालुक्यकालीन ताम्रपटांत उल्लेखिलेला ‘कार्मणेय’ आहार तो हाच, असे पुराभिलेखांचे अभ्यासक मानतात. मोगली अंमल ढिला झाल्यावर सुरत अठ्ठाविशीच्या परगण्यांवर चौथाईचा हक्क सांगत दाभाड्यांच्या फौजेबरोबर गायकवाड या प्रांतात उतरले, त्यांनी सोनगडच्या किल्ल्यावर पाय रोवला आणि पुढे वाटण्या व तहनामे होता होता नवसारी प्रांत बडोदे सरकारच्या दौलतीत कायम झाला. कामरेज हा त्याच प्रांताचा एक महाल. ज्या मुलखात रयतेची भाषा गुजराती, जमिनीचे हिशेब गुजरातीत, व्यापार समुद्रापार जाणाऱ्या सुन्नी बोहऱ्यांच्या हाती आणि दौलतीचे मालक मात्र मराठे, अशा मुलखात कारकुनी, भिक्षुकी व लहानसहान नोकऱ्या यांच्या निमित्ताने मराठी घरे विखुरली गेली, हे ओघानेच झाले.

अशाच एका निर्धन मराठी ब्राह्मण घरात, कामरेजनजीकच्या कठोर या गावी, १७ ऑक्टोबर १८६९ रोजी रघुनाथराव बखले यांना पुत्र झाला. या मुलाचे नाव भास्कर. पुढे पन्नास वर्षांनी महाराष्ट्रातील माजघरांतून, कचेऱ्यांच्या पायऱ्यांवरून आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून जी नाट्यपदे गुणगुणली जात होती, त्यांतील अनेकांचे स्वर ज्याच्या कंठातून व स्मरणातून आले होते, तो गायक जन्माने तापीकाठचा होता, हे त्या गुणगुणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावे. पुण्याच्या पेठांनी भास्करबुवांना इतके आपलेसे करून टाकले की त्यांचे मूळ गाव विचारण्याचे कोणाला कारणच उरले नाही.

बालपणीच भास्कर बडोद्यास आला. हे बडोदे म्हणजे नुकतेच कूस बदललेले शहर होते. मल्हारराव महाराज पदच्युत झाले होते आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तविधानाने १८७५ मध्ये सयाजीराव या नावाने गादीवर बसला होता. पुढे याच सयाजीरावांनी राजवाड्यातील गाणेबजावणेही अन्य खात्यांप्रमाणे नियमांच्या चौकटीत आणले. कलावंत कारखाना या नावाने चालणाऱ्या त्या खात्यात गवई, बीनकार, सारंगिये, तंजावरहून पहिल्या महाराणी चिमणाबाईंच्या माहेराकडून आलेल्या नर्तकी आणि इतर गुणीजन एकाच हजेरीपटावर होते; त्यांच्या नेमणुका, रजा, गैरहजेरीचा दंड, दरबारात रुजू होण्याची वेळ, या सर्वांविषयी मराठीत कलमवार नियम केलेले होते. तानसेनाच्या वंशाचा अभिमान बाळगणाऱ्या एखाद्या खाँसाहेबाला किरकोळ रजेकरिता अर्ज लिहून द्यावा लागतो, ही कल्पना आपल्याला गमतीची वाटेल, आणि त्या काळच्या खाँसाहेबांना ती अपमानास्पद वाटली असेल, यात नवल नाही. तथापि याच शिस्तीच्या पोटी १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली सरकारी गायनशाळा निघाली, जेथे उस्तादाची मर्जी संपादन न करताही सामान्य गृहस्थाच्या मुलाला स्वरलेखनाच्या साह्याने गाणे शिकता येऊ लागले, हे विसरता कामा नये.

या मौलाबक्षांची हकीकत आडवळणाची असली तरी सांगण्याजोगी आहे. कर्नाटक संगीताचा अभ्यास करून म्हैसूर दरबारी छत्रचामराचा मान मिळविणाऱ्या या गवयाचा दौहित्र इनायत खाँ बडोद्यातच १८८२ मध्ये जन्मला. १९०९ साली कलकत्त्यास त्याने ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली, आणि १३ सप्टेंबर १९१० रोजी तो मुंबई बंदरातून अमेरिकेस निघाला, तो पाश्चात्य देशांत सूफी तत्त्वज्ञानाचा उपदेशक म्हणून विख्यात झाला. त्याची कन्या नूर दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये ब्रिटिशांच्या वतीने बिनतारी संदेश पाठविण्याचे गुप्त काम करीत असता पकडली गेली आणि डाखाऊच्या बंदिशाळेत मारली गेली; तो दिवसही १३ सप्टेंबरच, साल १९४४. योगायोगाला अर्थ चिकटविण्याची हौस ज्यांना असेल त्यांनी ती अवश्य पुरवून घ्यावी. आपल्याला येथे इतकेच पाहावयाचे आहे की, ज्या शहरात भास्कर बखले या मुलाचे कान तयार होत होते, तेथील हवेतच स्वरांचा संचार होता.

भास्कराला प्रारंभी लाभली ती कीर्तनाची वाट. पिंगळेबुवा नावाच्या कीर्तनकारांच्या सहवासात त्याच्या गळ्याला पहिले वळण मिळाले. संस्कृत पाठ म्हणता म्हणता सुस्वर आवाजाचा हा मुलगा लोकांच्या नजरेत भरू लागला, आणि त्या काळी सुस्वर व सुरूप मुलांच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांच्या दृष्टीस तो पडला. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटकाची प्रतिष्ठापना केली होती; दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले, आणि त्याच सुमारास अण्णासाहेबांनी बडोद्याहूनच भाऊराव कोल्हटकर नावाचा एक अलौकिक गळ्याचा तरुण उचलून आणला होता. आता त्याच संस्थानातला हा दुसरा मुलगा त्यांच्या मंडळीत दाखल झाला. १८८४ सालच्या ‘रामराज्यवियोग’ नाटकात भाऊरावांची मंथरा आणि भास्कराची कैकेयी अशी जोडी उभी राहिली. अयोध्येच्या राजवाड्याचा घात करणाऱ्या या दोघीही गायकवाडांच्या प्रजाजनांपैकी निघाव्यात, हा विनोद त्या काळच्या प्रेक्षकांच्या ध्यानी आला असेल की नाही कोण जाणे!

मंडळीचा मुक्काम इंदुरास असताना एक प्रसंग घडला. किराण्याचे विख्यात बीनकार बंदे अलीखाँ त्या वेळी तेथे होते. ज्यांच्या बीनेच्या झंकाराने राजेरजवाडे मुग्ध होत, त्या या कलंदर वृत्तीच्या पुरुषाने कैकेयीच्या वेषातील मुलाचे गाणे ऐकले आणि त्याच्या हाती गंडा बांधून त्याला शिष्य केले. नाटकातल्या पोराला एका मोठ्या बीनकाराने आपण होऊन तालीम द्यावी, ही त्या काळच्या रीतीच्या अगदी उलट गोष्ट होती; कारण खानदानी विद्या म्हणजे घरची जामदारखान्यातली ठेव, ती मुलाला, जावयाला, फार तर पुतण्याला द्यावयाची आणि परक्याने मागितलीच तर अर्धी चीज सांगून अंतरा गिळून टाकावयाचा, असा बहुतेकांचा दंडक असे.

हे भाग्य फार काळ टिकले नाही. वयात येताच आवाज फुटला. नाटक मंडळीत ज्याचा गळा गेला त्याची किंमतही गेली. काल ज्याच्यासाठी ‘वन्समोअर’चा गजर होत होता, त्याला आज पंक्तीत कोणत्या पाटावर बसवावे हाही प्रश्नच. भास्कराने मंडळी सोडली आणि तो पुन्हा बडोद्यास आला. येथून पुढची काही वर्षे हीच माझ्या मते त्याच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची वर्षे होत. बडोद्यात त्याच सुमारास गायनशाळेचे दार सर्वांना उघडे झालेले असताना, या तरुणाने जुनीच कठीण वाट पत्करली आणि ग्वाल्हेर परंपरेचे फैज महंमदखाँ यांच्या घरी तो शिष्य म्हणून राहू लागला. उस्तादाचा बाजारहाट करावा, हुक्का भरावा, पाय चेपावे, आणि मर्जी प्रसन्न झाली म्हणजे जे चार स्वर पदरात पडतील ते रात्ररात्र घोटावे, ही त्या काळातील विद्यार्जनाची रीतच होती. ब्राह्मणाच्या मुलाने मुसलमान उस्तादाच्या घरी अशा प्रकारे राहावे, यावर सोवळ्या-ओवळ्याच्या त्या युगात स्वकीयांनी काय म्हटले असेल याची कल्पना वाचक सहज करू शकतील. फुटलेला आवाज अशा रियाझाने पुन्हा सांधला गेला, आणि तो पूर्वीच्या किशोरकंठापेक्षा सर्वस्वी निराळा, भारदस्त व पल्लेदार असा झाला.

फैज महंमदखाँच्या संमतीने पुढे भास्करबुवा आग्रा घराण्याचे नथ्थनखाँ यांच्याकडे गेले. नथ्थनखाँ म्हणजे लयीचे बादशहा. म्हैसूर दरबारचे ते गवई. त्यांच्याजवळ बुवांनी लयकारीचे व बोलतानांचे मर्म आत्मसात केले. याच कालखंडात धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकाची नोकरीही त्यांनी केली, आणि म्हणून कर्नाटकाच्या उत्तर भागात हिंदुस्थानी गायकीचे जे पीक पुढे आले, त्याच्या नांगरणीत बुवांचाही हात होता असे म्हणावयास हरकत नाही. इतके झाल्यावरही तृप्ती नव्हती; शाहू छत्रपतींच्या आश्रयास कोल्हापुरी आलेले अल्लादियाखाँ यांच्या दुर्मिळ रागांची व पेचदार गायकीची ओढ त्यांना लागली आणि तीही विद्या त्यांनी मिळविली. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर अशा तीन भिन्न प्रकृतींच्या परंपरा, शिवाय बालवयातील बीनकाराचा संस्कार, हे सर्व एका कंठात नांदले, आणि तरीही ते ठिगळांची गोधडी वाटले नाही, हे त्यांच्या प्रतिभेचे खरे लक्षण. घराण्याच्या शुद्धतेचा जो अभिनिवेश नंतरच्या काळात बोकाळला, त्याच्याशी या पुरुषाचे उदाहरण मुळीच जुळत नाही. आणि अभिनिवेशी मंडळी म्हणून त्याचा उल्लेख करताना किंचित घाई करतात, असा माझा अनुभव आहे. रसिकांनी त्यांना ‘देवगंधर्व’ ही पदवी दिली, ती कोणाच्या दरबारी सनदेने मिळालेली नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी हा प्रपंच मांडला तिच्याकडे वळू. १९११ साली ‘मानापमाना’ने मराठी रंगभूमीवर नवीन चालींचे युग सुरू केले, त्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, पुरबी ठुमरी-कजरीच्या लावण्याने नटलेल्या. त्यानंतर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ (१९१३), ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘द्रौपदी’ (१९२०) या नाटकांकडे भास्करबुवांची नजर वळली, किंवा अधिक अचूक बोलायचे तर त्यांचे शिष्य, गायकनट बालगंधर्व यांच्या गुरुभक्तीने ती वळविली गेली. तेव्हा बुवांनी जे केले ते एका अर्थी विद्रोहच होता. ज्या बंदिशी उस्तादांच्या घरी भिंतीलाही ऐकू जाऊ नयेत अशा दक्षतेने जपल्या जात, आणि ज्या मिळविण्यासाठी त्यांनी स्वतः आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली होती, त्यांतील निवडक रत्ने त्यांनी पिटातल्या चार आण्यांच्या प्रेक्षकापुढे ओतली.

त्याची पद्धत अशी असे. प्रथम बुवांनी प्रसंगाला साजेलशी ख्यालाची किंवा ठुमरीची चीज सुचवावी, आणि मग तिच्या मात्रा, तिचे खटके, तिची सम यांवर बेतून खाडिलकरांनी मराठी शब्द बसवावेत. खाडिलकर म्हणजे टिळकांचे उजवे हात, ‘केसरी’च्या अग्रलेखांचे धनी, ज्यांचे ‘कीचकवध’ सरकारने राजद्रोहाच्या धास्तीने बंद केले होते ते नाटककार. त्यांच्या लेखणीला गेय पदाचे मार्दव उपजत नव्हते, आणि त्या पदांतील शब्दांची ओढाताण टीकाकारांच्या दृष्टीतून सुटलेलीही नाही. परंतु तिचे निम्मे कारण हे की, शब्द आधी जन्मलेले नसून त्यांना तयार स्वरांच्या साच्यात शिरावे लागत होते. व्रजभाषेतील मूळ चिजेत एखादी गवळण सासूनणंदेच्या जाचाची किंवा परदेशी गेलेल्या प्रियकराची तक्रार करीत असावी, आणि त्याच स्वरांवर विदर्भराजाची कन्या रुक्मिणी भरल्या दरबारात आपला मनोनिश्चय प्रकट करीत असावी, असा हा कायापालट. ‘स्वयंवरा’तील ‘सुजन कसा मन चोरी’ हे भूप रागातील पद ज्या ख्यालावरून आले तो ख्याल एखाद्या मैफलीत सुरू झाला की पहिल्या आवर्तनातच मराठी श्रोत्यांच्या माना डोलू लागतात, त्या ख्यालासाठी कमी आणि रुक्मिणीसाठी अधिक. उत्तरेकडील गवयाला मात्र आपल्या घराण्याच्या चिजेची ओळख या दक्षिणी मंडळींना इतकी दाट कशी, याचे कोडे पडते.

‘स्वयंवरा’त पन्नासांच्या वर पदे होती. १९१६ च्या डिसेंबरात ते रंगभूमीवर आले. त्याच वर्षी मार्च महिन्यात बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पंडित भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली होती, आणि तेथे विद्वज्जन बावीस श्रुतींची स्थाने व श्रुतींचे हार्मोनियम यांवर कडाक्याचा वाद घालीत होते. रागसंगीत सर्वसामान्यांपर्यंत न्यावे कसे, हा त्या परिषदेच्याही मुळाशी असलेला प्रश्न. तो सोडविण्याच्या कामी तिच्या ठरावांपेक्षा रुक्मिणीने भूप, बिहाग, यमन घरोघर पोचविले त्याचा वाटा माझ्या मते मोठा आहे. ज्या बाईने आयुष्यात तंबोरा हाती धरला नाही तिने जात्यावर बिहागाचा शुद्ध निषाद लावावा, असा तो काळ होता. रंगमंचापुढील साथीतही सामान्य माणसे नव्हती: पुढे गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. मैफलीला बोलावले तर जमीनदारांनाही परवडणार नाहीत असे हे वादक नाटकाच्या साध्या तिकिटात ऐकायला मिळत, आणि ‘वन्समोअर’ पडतील तितका वेळ मिळत. नाटक पहाटेला संपले तर तक्रार फक्त दुसऱ्या दिवशी कचेरीत हजेरी द्यावयाची असलेल्या कारकुनांची.

बडोद्याच्या भांडारातून महाराष्ट्राने आणखीही एक घेणे घेतले, आणि त्यात कलावंत कारखान्याचा नियमभंगच कामी आला. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ बडोदे दरबारी असताना सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई गाणे शिकता शिकता त्यांच्यावर अनुरक्त झाली, आणि संस्थानची हद्द ओलांडून दोघे मुंबईस निघून गेली. त्यांची मुले पुढे आईबरोबर स्वतंत्र झाली, आणि सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे या नावांनी गाजली. मिरजेस जन्मलेल्या हिराबाई आडनावाने बडोदेकर राहिल्या, आणि त्यांनी तिकीट लावून स्त्रियांच्या प्रकट मैफलींना प्रतिष्ठा मिळवून दिली. धाकट्या सरस्वतीबाईंचे ‘रामराज्य’ (१९४३) या बोलपटातील गाणे तर देशभर वाजले. अब्दुल करीमखाँ मात्र १९३७ साली पाँडेचरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा रेल्वे स्थानकाच्या फलाटावर निवर्तले.

भास्करबुवांकडे परत यावयाचे तर एका विसंगतीचा उल्लेख टाळता येत नाही. अब्दुल करीमखाँनी ध्वनिमुद्रिका दिल्या, इनायत खाँनी दिल्या, बालगंधर्वांनी तर बुवांच्याच चालींच्या ढिगाने दिल्या. पण स्वतः बुवांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. तीन मिनिटांच्या तबकडीत त्यांना गाणे कोंबायचे नसावे, असा तर्क करता येतो. त्यामुळे त्यांचे गाणे कसे होते हे ठरविण्यासाठी आपल्याला त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांकडेच जावे लागते, आणि हे शिष्य परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. बालगंधर्वांचा लडिवाळ स्वरविलास, मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांची चमत्कृतीने चमकणारी चपळता, आणि जालंधरच्या हरिवल्लभ मेळ्यात बुवांचे गाणे ऐकून शिष्य झालेले पंजाबचे दिलीपचंद्र वेदी यांची धिम्मी आलापी, या तिन्ही एका गुरूच्या तालमीत पिकल्या, हे खरे वाटू नये. गुरूने शिष्याचा गळा पाहून तालीम दिली, आपला गळा त्याच्यावर लादला नाही, एवढाच याचा अर्थ.

१९११ मध्ये पुण्यात बुवांनी किर्लोस्कर भारत गायन समाज स्थापन केला. आजही तो बाजीराव रस्त्यावर भारत गायन समाज या नावाने चालू आहे. हुक्का भरून शिकलेल्या माणसाने ठरलेल्या फीवर, ठरलेल्या वेळी, मुलामुलींना गाणे शिकविणारी शाळा काढावी, यात बडोद्याच्या गायनशाळेचा धडा त्यांच्या मनात कोठेतरी रुजलेला असावा असे मला नेहमी वाटते. ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वय अवघे बावन्न. समाजाची धुरा पुढे मास्तर कृष्णरावांनी उचलली.

या मास्तर कृष्णरावांचे पुढील कर्तृत्व तापीकाठच्या या परंपरेला अनपेक्षित ठिकाणी घेऊन गेले. प्रभातच्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ या बोलपटांना त्यांनी संगीत दिले. ‘वंदे मातरम्’ समूहाने गाता येत नाही, वाद्यवृंदावर वाजविता येत नाही, असा आक्षेप राष्ट्रगीताच्या निवडीच्या वेळी घेतला गेला, तेव्हा त्यांनी झिंझोटीत त्याची सोपी, ठाय चाल बांधून दिल्लीपर्यंत धाव घेतली आणि ती नेत्यांसमोर सिद्ध करून दाखविली. निर्णय २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’च्या बाजूने झाला आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान मिळाला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेच्या सुमारास बुद्धवंदना स्वरबद्ध करण्याचे काम याच मास्तरांना सांगितले. कठोरच्या भास्करबुवांकडे तयार झालेल्या या गायकाने ते पाली शब्द स्वरांत बसवून ध्वनिमुद्रित करून दिले.